प्रकरण अकरा : विहिरीवरचं घर

कडुबा वैजापूरहून सकाळच्या पहिल्या गाडीनं आला. आल्या आल्या त्यानं चपला दाराबाहेर सोडायच्या ऐवजी हातात धरून आत आणल्या, तेव्हाच बानाबाईला कळलं, की धाकटा आज भांडायला आलाय. लहानपणापासूनची खोड. भांडण झालं की तडक निघता यावं म्हणून त्याला चपला जवळ लागायच्या.

"चहा घे आधी," ती म्हणाली.

"घेतो. दादा कुठंय?"

भारत आत सर्जेरावांपाशी बसला होता. सर्जेराव म्हणजे थोरल्या सुनेचे, दिपालीचे मामा. तीस वर्षं दिवाणी कोर्टात काढलेला वकील. आज रविवार, तरी पांढरा शर्ट इस्त्रीचा. त्यांच्या मांडीवर ती नोटीस होती. गुरुवारी टपालानं आली, आणि तेव्हापासून बीड बायपासच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. दिपालीनं तर मिक्सरसुद्धा लावला नव्हता.

"वाचा मामा," भारत म्हणाला. "कडूलाबी ऐकू द्या. त्याचीबी सही हाये खरेदीखतावर."

सर्जेरावांनी चष्मा पुसला. "'माझ्या अशील हसीना बेगम यांनी आपणां तिघांकडून, म्हणजे बानाबाई मल्हारी पांढरे व त्यांचे दोन मुलगे यांच्याकडून, गारखेडा येथील राहते घर दोन वर्षांपूर्वी विकत घेतले. मागील महिन्यात सदर घराच्या मागच्या खोलीची फरशी अचानक खचून अशिलाची सून अरफा हिचा उजवा पाय घोट्याजवळ मोडला. फरशीखाली जुनी बुजवलेली विहीर असल्याचे तेव्हा प्रथमच उघड झाले. ही गोष्ट आपणांस पूर्ण ठाऊक असूनही आपण ती जाणूनबुजून दडवली...'"

"दडवली म्हणजे?" कडुबानं विचारलं. "कुणी इचारलं व्हतं का आम्हाला?"

"तिथंच तर गोम हाये, कडुबा. त्यांनी विचारायचं नसतं. आपण सांगायचं असतं."

"पण कागदात लिहिलंय ना मामा," भारत घाईनं म्हणाला. "घर आहे त्या स्थितीत बघून, पारखून घेतलं म्हणून."

"बघून काय दिसतं, भारतराव? भिंतीची भेग दिसते. गळका नळ दिसतो. फरशीच्या पोटातलं कुणाला दिसायचं? मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम पंचावन्न. विकणाऱ्याला ठाऊक हाये, घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि नीट बघूनही सापडणार नाही, असा दोष विकणाऱ्यानं आपल्या तोंडानं सांगायचा. नाही सांगितला, तर कायदा त्याला फसवणूक म्हणतो. दीडशे वर्षं होत आली त्या कायद्याला, निजामाच्या हद्दीत नसेल तेव्हा, पण आता हाये."

फसवणूक हा शब्द ऐकून बानाबाईनं पदर सारखा केला. तिच्या चौऱ्याहत्तर वर्षांत तिला लोकांनी पुष्कळ काही म्हटलं होतं. धनगराची, अडाणी, मेंढरांमागून आलेली. हे मात्र कुणी म्हटलं नव्हतं.

"आणि आम्हालाबी ठाऊक नव्हतं असं म्हणलं तर?" भारतनं विचारलं.

सर्जेरावांनी खिशातलं पेन काढलं. मग म्हणाले, "तर ठाऊक होतं हे त्यांना सिद्ध करावं लागेल."

"मग तसंच लिवा," कडुबा म्हणाला. "बानं विहीर बुजवली, बा गेला. चार वरीस झाले. आम्ही लेकरं, आम्हाला काय ठाऊक? मी तर लई लहान व्हतो."

"चौदा वर्षांचा व्हतास," भारत म्हणाला.

"चौदा म्हणजे लहानच की. आन घर विकायची घाई तुला व्हती, दादा. मी कांदा काढीत व्हतो. अर्ध्या रानातून उठवून सहीला आणलं मला."

"मग सही करताना तुझं तोंड कुणी शिवलं व्हतं?"

बानाबाई दोघांकडं बघत राहिली. एकाच्या कानशिलावरचे केस पांढरे झालेले, दुसऱ्याला पोट सुटलेलं, आणि भांडताना दोघांची हनुवटी अगदी बापासारखी, मल्हारीसारखी पुढं. सगळं मल्हारीवर टाकून मोकळं व्हायचं त्यांच्या मनात होतं, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. मेलेल्या माणसाला कोर्टात कोण बोलावतंय?

पण तिला तो दिवस दिसत होता. गारखेड्यात तेव्हा रानच होतं. मल्हारी त्या मळ्यावर राखणीला होता. मळ्याचे प्लॉट पडले, भराभर विकले गेले, एक राहिला. मधोमध विहीर, कोण घेणार? मळ्याच्या मालकानं मल्हारीला बोलावून विहिरीच्या काठावर उभं केलं होतं. म्हणाला होता, "नीट बघ मल्हारी. आत वाकून बघ. सात परस, म्हंजी सात माणसं एकावर एक उभी राहतील एवढी खोल हाये. ही अशी हाये म्हणून तुला परवडतीये. उद्या म्हणशील, मालकानं फसवलं." आणि मल्हारीनं खरंच वाकून बघितलं होतं, पागोटं हातानं धरून. घरी येऊन बानाबाईला म्हणाला, "लोकांचा प्लॉट कोरडा, आपल्याला पाण्यासकट मिळाला."

त्या पाण्यावर सगळी गल्ली वाढली. मग नळ आले. मग भारतचं लग्न ठरलं आणि खोली कमी पडली. एका उन्हाळ्यात मल्हारीनं विहीर बुजवली. खरं तर थरावर थर मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसानं ठोकून बुजवायची असते. लग्न तोंडावर आलेलं. दगड, विटांचे तुकडे, जुन्या वाड्याची, म्हणजे मेंढरांच्या वाड्याची लाकडं, राख, जे सापडलं ते गेलं आत. वर शहाबादी फरशी.

"मला नाय तसं म्हणता येणार."

हे दिपाली म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात केव्हाची उभी होती.

"काय नाही म्हणता येणार?" सर्जेराव भाचीकडं वळले.

"ठाऊक नव्हतं म्हणून. आमची मोनिका झाली, तवा सव्वा महिन्यानं मी त्याच फरशीवर विहिरीची ओटी भरली, मामा. बाळंतिणीनं विहीर पुजल्याशिवाय घरातलं पाणी भरायचं नसतं ना. आता विहीर खाली, मग वरच्या फरशीलाच हळद-कुंकू लावलं. गल्लीतल्या पाच बाया व्हत्या. नारळ फोडला, खोबरं वाटलं."

सर्जेरावांनी पेन खाली ठेवलं. "पाच बाया."

"सहा. पाटलीणबाई उशिरा आल्या."

"तू कुणाच्या बाजूची हायेस?" भारतनं बायकोला विचारलं.

"मी बाजूची नाय. उद्या तिकडचा वकील त्या बायांना विचारील, तवा तुम्ही कुठं तोंड लपवणार?" मग तिचाच आवाज मऊ झाला. "आणि मला वाटतं, आत्याबाईंनी सांगितलं व्हतं त्यांना. सौद्याच्या दिवशी मी चहा घेऊन मागच्या खोलीत गेले, तवा आत्याबाई हसीनाबींना म्हणत व्हत्या, या कोपऱ्यात जड काही ठेवू नका. ऐकलंय मी."

खोलीतली हवाच बदलली. कडुबानं चपला खाली ठेवल्या. भारत उठून आईच्या पायांशी येऊन बसला. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण त्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला तो तापातल्या पोरासारखा.

"माय, तू सांगितलं व्हतंस?"

"विहीणबाई," सर्जेराव पुढं झुकले, "असं असेल तर मोठं काम झालं. तोंडी सांगितलेलंही सांगितलेलंच असतं. तुम्ही एवढंच म्हणायचं, की मी घेणाऱ्या बाईला त्या जागेची कल्पना दिली होती. प्रतिज्ञापत्र मी करतो. साक्षीला दिपाली हाये. तुमची सही झाली, की त्यांची केस लुळी पडली."

"बघ, मी म्हणतच व्हतो," कडुबा म्हणाला. तो काहीच म्हणत नव्हता. "माय कधी अशी राहायची नाय. माय सांगणारच."

किती दिवसांनी दोन्ही लेकरं एका बाजूला आली होती, आणि ती बाजू तिची होती. बानाबाईला ते सुख क्षणभर तसंच राहू द्यावंसं वाटलं. तिला एवढंच करायचं होतं, की मान हलवायची.

सौद्याच्या त्या दुपारी हसीना तिच्याबरोबर खोल्या बघत फिरत होती. पन्नाशीची, विधवा, अंगानं बारीक. जुन्या शहरातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत जन्म काढलेली. प्रत्येक खिडकी उघडून बघायची आणि पुन्हा हळूच लावायची, जणू झोपलेल्या पोराचं पांघरूण सारखं करतेय. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतीलगतच्या फरशीवर कुंकवाचा जुना डाग होता. हसीना थबकली, पाय मागं घेतला. "मावशी, इथं तुमचं काही हाये का?"

"देवाचं ठाणं हाये," बानाबाई म्हणाली होती. "त्या कोपऱ्यात जड काही ठेवू नका."

"नाही ठेवणार. तुमच्या देवाला आमच्याकडून तकलीफ नाही व्हायची."

आणि तेवढ्यात दारात भारत आला होता. त्यानं आईकडं नुसतं बघितलं होतं. बानाबाईच्या ओठावर पुढचा शब्द आलेला होता. तो तिनं गिळला.

"मी देव सांगितला," आता ती म्हणाली.

"म्हणजे तेच झालं की," सर्जेराव म्हणाले.

"तेच नाय झालं. आपल्यातल्या बाईला फरशीवर देव सांगितला, की ती आपसूक समजती, खाली पाणी हाये. ती बिचारी कशी समजंल? तिला समजणार नाय, हे मला ठाऊक व्हतं, वकीलसाहेब. दोन वर्षं मी मनाला म्हणत आले, सांगितलं, सांगितलं. पर मी देव सांगितला. विहीर नाय सांगितली."

 भारतनं तिच्या गुडघ्यावरचा हात काढला नव्हता, पण तो हात जड झाला होता.

"माय, ही नोटीस खरी धरली तर त्या पैशातून घेतलेलं हे घर..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. डोळे मात्र भिंतीवरून, छतावरून, मोनिकाच्या अभ्यासाच्या टेबलावरून फिरून आले.

"ठाऊक हाये रे राजा." तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू काय चैनीसाठी नाय केलंस. मला ठाऊक हाये." मग सर्जेरावांना विचारलं, "त्या पोरीचं काय लिवलंय? पाय कसा हाये तिचा?"

सर्जेरावांनी नाइलाजानं दुसरं पान उलटलं. "हे भरपाईचं... हं. 'सदर खोली वापरास अयोग्य झाल्याने जखमी सुनेस प्लास्टर घातलेल्या अवस्थेत लगतच्या स्वयंपाकघरात खाटेवर ठेवावे लागत असून...'"

"कुठं?"

"स्वयंपाकघरात."

"पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. बानाबाई उठून उभी राहिली. गुडघे धरायचं विसरली, म्हणून कळ आली, पण ती बसली नाही.

"भारत, गाडी काढ."

"कुठं?"

"अरे, मधली भिंत विहिरीच्या पोटावरून गेलीय. अर्धी विहीर खोलीखाली, अर्धी स्वयंपाकघराखाली. त्यांनी खोली सोडली आन पोरीला नेऊन दुसऱ्या अर्ध्यावर झोपवलं."

"पण त्यांच्या इंजिनिअरनं बघितलं असंल की," कडुबा म्हणाला.

"तो काय बघंल? भोक पडलं तेवढं बघंल. केवढी विहीर, कुठून कुठवर, हे आता सांगणारं माणूस एकच उरलंय."

सर्जेराव उभे राहिले. "विहीणबाई, एक सांगू? तुम्ही तिथं गेलात, असं काही बोललात, तर मग मला बचावाला काही राहायचं नाही. आधी उत्तर जाऊ द्या, मग पत्रानं कळवू."

"पत्र कवा पोचंल?"

"तीन-चार दिवस."

"तवर ती पोरगी तिथंच झोपंल," बानाबाई म्हणाली आणि दिपालीनं पुढं केलेल्या चपला पायात घातल्या.

गाडीत बानाबाई पुढं बसली. कडुबा मागं बसला होता. भारत चालवत होता. वाटेत एकदाच म्हणाला, "त्या दिवशी मी दारात आलो नसतो तर तू सांगितलं असतंस ना?"

"मला सांगायचंच असतं, तर तू आलास तरी सांगितलं असतं," ती म्हणाली. "सगळं सोताच्या डोक्यावर नको घेऊ."

गारखेड्याच्या गल्लीत घराला हसीनानं फिका हिरवा रंग दिला होता. दाराशी जाईचा वेल चढवलेला. बानाबाईच्या काळी तिथं शेळी बांधलेली असायची. वासिफनं दार उघडलं. हसीनाचा एकुलता एक, पंचविशीचा, गॅरेजात नोकरीला. तिघांना बघून त्याचा चेहरा आवळला.

"अब क्या है? जे बोलायचं ते वकिलामार्फत बोला."

"बाबा, माझ्याशी मग भांड," बानाबाई म्हणाली. "आधी तुझी बायको उचल तिथून."

"काय?"

"स्वयंपाकघरातून उचल. खाटेसकट. आंगणात आण. त्याच्या खालीबी विहीर हाये."

वासिफनं दाराची चौकट सोडली नाही. त्याच्यामागून हसीना आली. तिनं बानाबाईच्या तोंडाकडं बघितलं, आणि तिला काय दिसलं कुणास ठाऊक, तिनं मुलाचा खांदा धरून त्याला आत वळवलं. "वासिफ, जा. पहले उठा उसको."

तो एकटा खाट कशी उचलणार? भारत पुढं झाला. पायथ्याकडची बाजू त्यानं धरली, कडुबानं मधून आधार दिला. अरफा घाबरून खाटेच्या दोन्ही कडा धरून बसली होती. विशीतली पोर, प्लास्टरवर गल्लीतल्या पोरींनी पेनानं फुलं काढलेली. "भाईजान, हळू," ती म्हणाली, आणि तो शब्द भारतसाठीच होता, कारण वासिफ तिच्या उशाकडं होता. भारतनं मान खाली घातली आणि पावलं मोजून टाकली. खाट अंगणात आली.

मग बानाबाई हसीनाकडं वळली.

"हसीनाबी, मी तुम्हाला देव सांगितला. विहीर सांगायची व्हती. मला ठाऊक व्हतं."

 हसीनानं जाईच्या वेलाची एक वाळकी काडी मोडली.

"मी दोन वर्षं तो कोपरा जपला, मावशी. रोज पुसायची. चपला नाही जाऊ दिल्या. बहू बोलली, अम्मी, तिथं उजेड चांगला, मशीन ठेवू? मी म्हणलं, ठेव, शिलाई मशीन कुठं जड असतं." तिनं हातातली काडी टाकून दिली. "मला वाटायचं, तुमच्या देवानंच रागावून हिचा पाय घेतला. माझंच काही चुकलं. महिनाभर मला हेच वाटत होतं."

हे बानाबाईला ठाऊक नव्हतं. नोटिशीत हे कुठं लिहिलेलं नव्हतं. तिनं हसीनाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "देवाचं काय नाय. तुमचं काय नाय. वाकून बघायला पायजे व्हतं तुम्हाला, आन मी बघू दिलं नाय."

हसीनानं हात काढून घेतला नाही. धरला पण नाही लगेच. नंतर धरला.

"किती मोठी हाये?" तिनं विचारलं.

"दाखवते. खडू हाये का?"

अरफानं उशीखालून शिवणाचा चपटा खडू काढून दिला. बानाबाई पुढच्या दाराच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. या उंबऱ्यापासून विहिरीचा काठ नऊ पावलं, ते तिला अंधारातसुद्धा चुकलं नव्हतं, डोक्यावर घागर आणि कडेवर हाच भारत असताना. ती चालू लागली. सातव्या पावलाला थांबली.

"तवा पाऊल लांब व्हतं. आता अकरा धरा."

हसीना तिच्या शेजारून, तिचा दंड धरून चालली. अकराव्या पावलाला स्वयंपाकघराच्या दाराच्या जरा आत बानाबाईनं बोट दाखवलं. वासिफनं वाकून रेघ मारली. "इथून कडेकडेनं ये. वट्ट्याच्या अलीकडून. आत पाय नको टाकू. भारत, त्याचा हात धर." दोघं मोठे पुरुष एकमेकांचे हात धरून म्हातारीच्या सांगण्यावरून भिंतीकडेनं सरकत गेले. गोल रेघ ओट्याखाली गेली, भिंतीपलीकडं मागच्या खोलीत निघाली, फुटक्या फरशीला मधोमध ठेवून पुन्हा वळली. खाटेचे चारही पाय जिथं होते, तिथं धुळीत चार ठसे उमटले होते. तीन रेघेच्या आत, एक रेघेवर.

अंगणातून अरफानं विचारलं, "अम्मी, मेरी खाट कहाँ थी?" 

वासिफनं खिशातून कागद काढला.  "आज्जी, सगळं सांगा. इंजिनिअरला द्यायचंय. किती खोल, आत काय टाकलंय."

"सात परस. आत दगड हायेत, विटा हायेत, लाकडं हायेत लई. लाकडं कुजली असतील, म्हणून बसली. थर नाय दिले. घाई झाली."

तो लिहीत होता. "कोणी सांगितलं म्हणून लिहू?"

"बानाबाई मल्हारी पांढरे. हे घर विकताना ठाऊक व्हतं, असंबी लिव."

भारत भिंतीला टेकून उभा होता. शर्टाला चुन्याचा पांढरा पट्टा लागलेला. तो पट्टा त्यानं झटकला. मग म्हणाला, "खाली माझं नाव लिही. भारत मल्हारी पांढरे. मला ठाऊक व्हतं, आन मीच आईला बोलू दिलं नाही."

"आन माझं," कडुबा दारातून म्हणाला. "दगड मी टाकलेत. टोपल्यानं. चौदा वर्षांचा व्हतो."

वासिफनं मान वर केली. त्याला राग आणायचा होता, पण तो धड येईना. "इतकी नावं लिहून दिलीत, तर नोटिशीला उत्तर काय देणार तुम्ही?"

"हेच," भारत म्हणाला. "याचीच एक नक्कल दे मला. मामाला देतो."

आणि तो पुन्हा भिंतीकडेनं आत सरकू लागला. गॅसची टाकी अजून रेघेच्या आत होती.